‘मॅनस्प्लेनिंग’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅनस्प्लेनिंग’ हा इंग्रजी बोलीतला शब्द आता मराठी लेखांत, मुलाखतींत आणि घरच्या गप्पांतही येतो. त्याच्या जन्माविषयी काही चुकीच्या समजुतीही त्याच्याबरोबर फिरतात. मराठी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्या कामात या शब्दाविषयीचे तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हवा तेवढा प्रश्न काढून वाचला तरी चालेल.

या शब्दाचा नेमका अर्थ काय?

एखाद्या पुरुषाने एखाद्या बाईला, तिने विचारलेलं नसताना, तिला त्यातलं काही कळत नसणार असं धरून चालून, वरून बोलल्यासारखं काहीतरी समजावून सांगणं. या व्याख्येतली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. शाळेत वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या मावशींना भाचेजावई खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांतला फरक रेणूंपासून समजावायला लागले, आणि मावशी ‘अहो, मला माहीत आहे’ म्हणाल्या तरी थांबले नाहीत, तर ते मॅनस्प्लेनिंग. त्याच मावशींनी आयकराचं विवरणपत्र भरताना सीए असलेल्या भाच्याला शंका विचारली आणि त्याने अर्धा तास खर्चून ती सोडवली, तर ते मॅनस्प्लेनिंग नाही. तिथे प्रश्न तिचा होता आणि विषय त्याचा होता.

शब्द कशाकशाचा मिळून झाला आहे?

‘मॅन’ म्हणजे पुरुष आणि ‘एक्स्प्लेन’ म्हणजे समजावून सांगणे. दुसऱ्या शब्दाचं तोंड कापलं, उरलेला ‘स्प्लेन’ पहिल्याला जोडला.

यातली एक गंमत देवनागरीत जितकी स्वच्छ दिसते तितकी रोमन लिपीत दिसत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एक्स’ हे एकच अक्षर असतं आणि त्यात ‘क्’ व ‘स्’ हे दोन्ही आवाज कोंडलेले असतात. शब्द कापताना कात्री त्या एका अक्षराच्या मधून फिरली आहे. ‘क्’ टाकून दिला आणि ‘स्’ ठेवला. त्यामुळे इंग्रजीत लिहिताना मूळ शब्दात नसलेलं ‘एस’ हे अक्षर नव्याने घालावं लागतं. आपण मात्र एक्-स्प्लेन असा तो आधीपासूनच फोडून लिहितो. कापण्याची जागा आपल्या लिपीत उघडीच असते. यावरून हेही कळतं की असे शब्द कानाने घडतात. स्पेलिंग बघून कोणी शब्द कापत बसलं असतं, तर ‘स्प्लेन’ हाती लागलाच नसता.

अशा शब्दांना काय म्हणतात?

भाषाशास्त्रात ‘ब्लेंड’, म्हणजे मिश्रशब्द. इंग्रजीत ‘पोर्टमॅन्टो’ हे नाव अधिक लोकप्रिय आहे आणि ते लुइस कॅरल या इंग्रज लेखकामुळे रूढ झालं. अॅलिस या लहान मुलीवरच्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात, १८७१ साली, हम्प्टी डम्प्टी हे अंड्यासारखं पात्र तिला एका विचित्र कवितेतले शब्द उलगडून सांगतं. ‘स्लायदी’ म्हणजे ‘लाइद’ (लवचीक) आणि ‘स्लायमी’ (बुळबुळीत), ‘मिम्झी’ म्हणजे ‘फ्लिम्झी’ आणि ‘मिझरेबल’. एका शब्दात दोन अर्थ भरलेले, दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीसारखे. त्या पेटीचं नाव पोर्टमॅन्टो. कॅरलने त्याच कवितेत वापरलेला ‘चॉर्टल’ हा शब्द पुढे कोशात जाऊन बसला. तो ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’ यांचा, म्हणजे खुदकन हसणं आणि नाकातून फुसकन आवाज करणं यांचा मिळून झाला, असं मानतात.

हम्प्टी डम्प्टी हा चांगलाच शिष्ट आहे आणि समोर लहान मुलगी आहे, तेव्हा हेच मॅनस्प्लेनिंग नव्हे का, असं काहींना वाटतं. पण तिथे अर्थ सांगा अशी विनंती अॅलिसनेच केली होती. म्हणजे त्या जागेपुरतं तरी नाही.

ब्रंच, स्मॉग, हँग्री हे त्याच जातीचे का?

हो. ‘ब्रंच’ १८९५ मधला, गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने छापून आणलेला. ‘स्मॉग’ १९०५ च्या सुमाराचा. लंडनमधल्या कोळशाच्या धुराविरुद्ध झगडणारे डॉक्टर द व्हू यांनी धूर आणि धुकं जोडून तो चालता केला. ‘मोटेल’ म्हणजे ‘मोटर’ आणि ‘हॉटेल’, १९२५ मधला, कॅलिफोर्नियातला. ‘हँग्री’ म्हणजे भुकेने चिडलेला. ‘इमोजी’ मात्र या यादीत घालू नका. ‘इमोशन’शी त्याचं काही नातं नाही. तो जपानी शब्द आहे: ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर.

हा शब्द रिबेका सोल्निट यांनी तयार केला ना?

नाही. सर्वांत जास्त पसरलेली चूक हीच आहे. सोल्निट या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेखिका. त्यांचा ‘मेन एक्स्प्लेन थिंग्ज टू मी’ हा निबंध एप्रिल २००८ मध्ये ‘टॉमडिस्पॅच’ या संकेतस्थळावर आला, आणि त्याच सुमारास ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्येही छापला गेला. त्या निबंधात ‘मॅनस्प्लेन’ हा शब्द एकदाही नाही. शब्द मी घडवलेला नाही, हे त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तरीही श्रेय त्यांच्याच नावावर जमा होत राहतं, कारण निबंधाला लेखिका आहे आणि शब्दाला नाही.

त्या निबंधात असं काय होतं?

एका मेजवानीचा प्रसंग. २००३ चा उन्हाळा, कोलोराडोतलं अॅस्पेन हे डोंगरातलं श्रीमंतांचं गाव. सोल्निट आणि त्यांची एक मैत्रीण निघायच्या बेतात असतात. घरमालक वयस्कर, पैसेवाले, समाजात वजन असलेले. ते म्हणतात, थांबा जरा, तुमच्याशी बोलायचंय. मग विचारतात, ‘तुम्ही एक-दोन पुस्तकं लिहिली आहेत म्हणे?’ खरं तर बरीच लिहून झालेली असतात. कशावर आहेत, असं विचारल्यावर सोल्निट नुकत्याच निघालेल्या पुस्तकाविषयी सांगू लागतात. ते पुस्तक एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारावर होतं. धावत्या घोड्याचे पाय टप्प्याटप्प्याने टिपणारा, १८७८ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रमालिकेचा कर्ता तो हाच.

मायब्रिजचं नाव ऐकताच घरमालक त्यांना मध्येच तोडतात. ‘मायब्रिजवर या वर्षी एक फार महत्त्वाचं पुस्तक आलंय, ठाऊक आहे का तुम्हाला?’ आणि त्या पुस्तकावर बोलू लागतात. नजर दूर कुठेतरी लागलेली. आपण ज्या पुस्तकाविषयी बोलत होतो त्याच विषयावर त्याच वर्षी दुसरं मोठं पुस्तक येऊन गेलं आणि आपल्याला पत्ताच नाही, असं क्षणभर खुद्द सोल्निट यांनाही वाटून जातं. मला निबंधातली ही जागा सगळ्यात जास्त बोलकी वाटते. मैत्रीण सांगते, ‘ते हिचंच पुस्तक आहे.’ गृहस्थ बोलतच राहतात. तिला ते वाक्य तीन-चारदा म्हणावं लागतं, तेव्हा कुठे ते त्यांच्या कानात शिरतं आणि त्यांचा चेहरा पडतो. त्यांनी पुस्तक वाचलेलंच नव्हतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधलं परीक्षण तेवढं वाचलं होतं.

पाच वर्षांनी, जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला, घरी आलेल्या पाहुणीने हे लिहून काढच असा आग्रह धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोल्निट यांनी एका बैठकीत निबंध लिहिला.

म्हणजे निबंध एका शिष्ट यजमानाविषयी आहे?

नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बोलायला हवं ते याविषयी. मेजवानीचा प्रसंग ही निबंधाची फक्त सुरुवात आहे. पुढे त्या अशा जागी जातात जिथे हसू येत नाही. ‘एफबीआय’ या अमेरिकी तपास यंत्रणेच्या अधिकारी कोलीन राउली यांनी अल-कायदाबाबत दिलेला इशारा वरिष्ठांनी मनावर घेतला नव्हता, याची त्या आठवण देतात. तरुणपणी ऐकलेली एक हकिगत सांगतात: अणुशास्त्रज्ञांच्या वस्तीत मध्यरात्री एक बाई, नवरा मला मारायला निघालाय असं ओरडत, अंगावर कपडे नसलेल्या अवस्थेत घराबाहेर धावली. ही गोष्ट सांगणाऱ्या गृहस्थांना ती बाई वेडी वाटली होती. ती खरं सांगत असेल ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नव्हती.

सोल्निट यांचं म्हणणं असं आहे की या दोन टोकांमध्ये एक सलग रेषा आहे. बाईला तिच्याच विषयातलं कळत नसणार, इथून ती सुरू होते आणि बाईच्या साक्षीवर विश्वास कशाला ठेवायचा, इथवर पोचते. कोर्टात, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात कोणाचं म्हणणं खरं धरलं जातं, हा त्यांचा प्रश्न होता.

शब्द जन्मला तेव्हा त्याने निबंधाचा पहिला भाग उचलला आणि दुसरा मागेच राहिला. म्हणून आज ‘मॅनस्प्लेनिंग’ म्हटलं की डोळ्यांपुढे एखादा कंटाळवाणा काका येतो. त्या मध्यरात्री धावणाऱ्या बाईपर्यंत कोणी जात नाही. व्युत्पत्ती सांगताना ही गळती सांगितलीच पाहिजे असं मला वाटतं. नाहीतर शब्द कळतो, पण तो ज्या लेखनातून आला त्याचं म्हणणं हरवतं.

मग शब्द प्रथम वापरला कोणी?

निबंध आल्यानंतर साधारण महिन्याभराने, मे २००८ मध्ये, ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळावरच्या एका प्रतिक्रियेत तो सापडतो. लाइव्हजर्नल म्हणजे त्या काळातली ऑनलाइन डायऱ्यांची मोठी वसाहत. मालिका आणि कादंबऱ्यांच्या चाहत्या स्त्रिया तिथे मोठ्या संख्येने लिहीत, एकमेकींच्या नोंदींवर लांबलचक चर्चा करत.

तिथून तो स्त्रीवादी ब्लॉगांवर गेला आणि विशेषकरून विज्ञान-अभियांत्रिकीतल्या स्त्रियांमध्ये रुजला. २०१० च्या सुरुवातीला अशाच एका ब्लॉगवर ‘तुम्हाला आलेले अनुभव लिहा’ असं आवाहन झालं आणि शेकडो स्त्रियांनी प्रयोगशाळेतले, परिषदांमधले प्रसंग लिहिले. माझ्याच शोधनिबंधातला निष्कर्ष मला समजावून सांगितला, अशा धर्तीचे. शब्द टिकला तो या वापरामुळे. सोल्निट यांच्या निबंधाने अनुभवाला चेहरा दिला, पण नाव दिलं ते वाचकांनी, टोपणनावाने लिहिणाऱ्या बायकांनी.

२०१० सरताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वर्षातल्या लक्षात राहिलेल्या शब्दांची यादी दिली, त्यात तो होता.

कोशात कधी गेला?

ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात २०१४ मध्ये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. ऐतिहासिक पुरावे लावून शब्द घेणाऱ्या मोठ्या ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’त जानेवारी २०१८ मध्ये गेला, ‘हँग्री’ आणि तो एकाच वेळी. अमेरिकेच्या मेरियम-वेब्स्टरनेही २०१८ मध्येच घेतला. दहा वर्षांत डायरीतल्या प्रतिक्रियेपासून मोठ्या कोशापर्यंत, हा वेग बोलीतल्या शब्दासाठी बराच आहे.

‘स्प्लेन’ हा तुकडा आधी होता का?

होता. भरभर बोलताना ‘एक्स्प्लेन’चं ‘स्प्लेन’ होणं इंग्रजीत जुनंच. अमेरिकेत तो तुकडा कानांत बसला तो १९५० च्या दशकातल्या ‘आय लव्ह लूसी’ या दूरदर्शन मालिकेमुळे. त्यातला नवरा क्यूबाचा, देसी आर्नाझ या मूळच्या क्यूबाच्याच नटाने रंगवलेला. ‘लूसी, तुला बरंच स्प्लेन करावं लागणार आहे’ हे वाक्य त्याच्या नावावर लोक आजही म्हणतात. मालिकेत ते नेमकं तसं कधी उच्चारलं गेलं नाही, पण लोकांच्या तोंडी बसलं. ‘मॅनस्प्लेन’ पहिल्यांदा ऐकणाऱ्या अमेरिकन माणसाला दुसरा तुकडा लगेच ओळखता आला, याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

‘व्हाइटस्प्लेनिंग’ वगैरे शब्द त्याच्यावरूनच आले?

हो, आणि मिश्रशब्दांच्या आयुष्यातला हा महत्त्वाचा टप्पा असतो. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला वंशभेद म्हणजे काय ते समजावणं म्हणजे ‘व्हाइटस्प्लेनिंग’. २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार मिट रॉम्नी यांच्या बोलण्याच्या ढबीवरून ‘मिट्स्प्लेनिंग’ निघालं. म्हणजे ‘स्प्लेन’ आता नुसता कापलेला तुकडा राहिला नाही. ‘माहिती नसताना, वरच्या सुरात, ज्याचा अनुभव त्यालाच समजावणं’ असा स्वतःचा अर्थ त्याला मिळाला आणि तो हव्या त्या शब्दाला लागू लागला.

इंग्रजीत हे पूर्वीही घडलं आहे. ‘हॅम्बर्गर’ हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आला. त्याची फोड हॅम्बर्ग-अर अशी. लोकांनी ती हॅम-बर्गर अशी केली आणि ‘बर्गर’ सुटा झाला. चीजबर्गर आला आणि पुढे आपल्याकडे व्हेजबर्गर. ‘अल्कोहोलिक’मधून ‘होलिक’ सुटला आणि ‘वर्कोहोलिक’ झाला. वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली इमारत, १९७२ च्या घरफोडीनंतर ‘गेट’ म्हणजे भानगड असा अर्थ झाला. ‘मॅरेथॉन’ हे ग्रीसमधलं ठिकाण, त्याचा ‘थॉन’ तुटून ‘टेलिथॉन’, ‘वॉकेथॉन’ झाले. अशा सुटलेल्या तुकड्यांना अर्नोल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ‘लिबफिक्स’ असं नाव दिलं. ‘लिबरेटेड’ म्हणजे मुक्त झालेला आणि ‘अफिक्स’ म्हणजे प्रत्यय. म्हणजे हे नाव स्वतःही जोडूनच केलेलं आहे.

आणि ‘मॅनस्प्रेडिंग’, ‘मॅनटरप्टिंग’?

ही शब्दाच्या दुसऱ्या टोकाची पिलावळ. तिथे ‘मॅन’ चिकटत गेला. मॅनस्प्रेडिंग म्हणजे बसमध्ये, लोकलमध्ये पाय फाकवून शेजारच्याची जागा खाणं. न्यूयॉर्कच्या मेट्रोने २०१४ च्या अखेरीस त्याविरुद्ध फलक लावले, माद्रिदच्या बसगाड्यांत २०१७ मध्ये सूचनाचित्रं आली. पण व्याकरणाच्या दृष्टीने हा मिश्रशब्द नाही. ‘मॅन’ही अख्खा आहे आणि ‘स्प्रेडिंग’ही. काही कापलेलं नाही, साधा समास आहे. नुसतं ऐकायला तो ‘मॅनस्प्लेनिंग’सारखा वाटतो.

मॅनटरप्टिंग, म्हणजे बाई बोलत असताना मध्येच तोडणं, हा खरा मिश्रशब्द. ‘इंटरप्ट’चं तोंड कापलेलं आहे. माझ्या दृष्टीने यांत सर्वांत नेटका ‘हीपीट’. बैठकीत बाईने मांडलेली कल्पना कोणी ऐकत नाही, तीच पुरुषाने पुन्हा सांगितली की सगळे माना डोलावतात, हा तो प्रकार. ‘ही’ म्हणजे तो, आणि ‘रिपीट’. एकच व्यंजन बदललं आणि काम झालं. एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ मध्ये तो ट्विटरवर टाकला; कल्पना मैत्रिणींची आहे हेही त्यांनी लिहिलं होतं.

हा शब्द पुरुषांवर अन्याय करणारा नाही का?

हा प्रश्न पुरुषांइतकाच काही स्त्रियाही विचारतात, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. खुद्द सोल्निट यांनाही शंका होती. २०१४ मध्ये निबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांनी जोडलेल्या टिपणात लिहिलं की पुरुषांमध्ये हा दोष जन्मजातच आहे, असा भास या शब्दाने जरा जास्तच होतो. पुढे एका तरुण संशोधक विद्यार्थिनीने त्यांना सांगितलं की हा अनुभव आम्हाला येत होता पण तो सांगायला शब्द नव्हता, आणि सोल्निट यांचं मत बदललं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सेनेटमध्ये हा वाद उघड झाला. समितीच्या बैठकीत मजूर पक्षाच्या सदस्य केटी गॅलाहर यांनी मंत्री मिच फिफिल्ड यांना तुम्ही मॅनस्प्लेनिंग करताय असं सुनावलं. मंत्री भडकले. मी तुमच्याबद्दल असा स्त्रीलिंगी शब्द वापरला असता तर काय झालं असतं, असा त्यांचा सवाल होता. चित्रफीत जगभर फिरली.

माझं मत सांगते. बाईने विचारलेल्या प्रश्नाला पुरुषाने उत्तर दिलं, किंवा दोघंही जाणकार असताना त्याने वेगळं मत मांडलं, तर त्याला हा शब्द लावू नये. तसा लावला की तो नुसता गप्प बसवायचा दगड होतो, आणि ज्या प्रसंगांसाठी तो हवा आहे तिथे त्याची धार राहत नाही. पण शब्दच नको, हेही मला मान्य नाही. ज्या अनुभवाला नाव नसतं त्याची तक्रार करता येत नाही. ‘त्यांनी मला माझंच काम समजावून सांगितलं’ एवढं म्हटलं तर ‘अगं, मदतच करत होते ना’ असं उत्तर मिळतं.

बाईने पुरुषाला असंच समजावलं तर?

‘वुमनस्प्लेनिंग’ हा शब्द त्यासाठी काढला गेला, पण चालला नाही. शिष्टपणा बायकाही करतात यात शंका नाही. बाळाला कसं धरायचं हे बाळाच्या बापाला शिकवणाऱ्या आत्याबाई सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. फरक इतकाच की ‘पुरुष आहे, म्हणजे याला गणित, यंत्रं, पैसे यांतलं काही कळत नसेल’ असं सरसकट धरून चालण्याची जगाची रीत नाही.

इतर भाषांनी काय केलं?

इथे मला फार आनंद मिळतो. जर्मनमध्ये समजावणे म्हणजे ‘एर्क्लेरेन’ आणि पुरुष, साहेब म्हणजे ‘हेर’. त्यांनी ‘हेर्क्लेरेन’ केलं. क्रियापदाच्या तोंडी एक ‘ह’ लावला की झालं. फ्रेंचमध्ये ‘मेक’ म्हणजे बाप्या आणि ‘एक्स्प्लिके’ म्हणजे समजावणे. दोघांत ‘एक’ हा आवाज सामायिक, त्यावर घडी घालून ‘मेक्स्प्लिके’. आइसलँडच्या भाषेत ‘ह्रूत’ म्हणजे मेंढा आणि ‘ऊत्स्कीरिंग’ म्हणजे स्पष्टीकरण. मधला ‘ऊत’ दोघांचा एकच. म्हणून ‘ह्रूत्स्कीरिंग’, मेंढ्याने दिलेलं स्पष्टीकरण. या तिन्ही शब्दांमध्ये सांधा इतका बेमालूम आहे की इंग्रजी मूळ शब्द त्यांच्यापुढे ओबडधोबड वाटतो. स्पॅनिशने दोन अख्खे शब्द शेजारी ठेवून ‘माचोएक्स्प्लिकासिओन’ केलं.

स्वीडनमध्ये शब्द इंग्रजीच राहिला, पण नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘युनिओनेन’ या कामगार संघटनेने आठवडाभर एक दूरध्वनी सेवा चालवली. कामाच्या जागी असा अनुभव आला तर फोन करा, जाणकारांशी बोला.

मराठीत हा अनुभव सांगायला शब्द नव्हते का?

अनुभव होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तिचं निमित्तच असं होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्यावरून वर्तमानपत्रांत साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीविषयी पुरुषांची प्रवचनं सुरू झाली. बायका कशा असतात हे बायकांना सांगणाऱ्या त्या प्रवचनांना ताराबाईंनी उत्तर दिलं.

वाक्प्रचारही भरपूर आहेत. अक्कल शिकवणे, शहाणपण शिकवणे, ज्ञान पाजळणे, ब्रह्मज्ञान सांगणे. पण यांत कोण कोणाला शिकवतंय हे येत नाही. सासू सुनेला, साहेब कारकुनाला, पुतण्या काकाला, कोणीही अक्कल शिकवू शकतो. इंग्रजी शब्दाने कर्ता शब्दाच्या आतच बसवला, हे त्याचं वेगळेपण.

‘नरोपदेश’ हा पर्याय चांगला नाही का?

असा शब्द कोणीतरी सुचवतंच. नर अधिक उपदेश, गुणसंधी, नियमाला धरून. ऐकायलाही बरा आहे. अडचण समासाच्या अर्थात आहे. ‘हितोपदेश’ म्हणजे हिताचा उपदेश, हिताने केलेला नव्हे. त्याच चालीने ‘नरोपदेश’ म्हणजे पुरुषाने केलेला उपदेश की पुरुषांना केलेला उपदेश? समासात विभक्ती गळते आणि दोन्ही अर्थ तितकेच बरोबर ठरतात. शिवाय उपदेश नीतीचा असतो. गाडीचा क्लच कसा दाबायचा हे सांगणं म्हणजे उपदेश नव्हे.

आणखी एक फरक आहे. संधीत शब्द एकमेकांत मिसळतात, पण दोन्ही पुरते ओळखू येतात. महा आणि ईश मिळून महेश झाला तरी सोडवून पुन्हा वेगळे काढता येतात. मिश्रशब्दात तुकडा कायमचा फेकून दिलेला असतो. संस्कृतातून आलेल्या आपल्या परिभाषेला ही फेकाफेक मानवत नाही. ती बोलीत चालते. ‘मिंग्लिश’ हा शब्द कोणत्याही समितीने केलेला नाही, तरी सर्वांना कळतो. मॅनस्प्लेनिंगला मराठी जोड मिळालीच तर ती अशीच कुठल्यातरी गप्पांच्या गटातून येईल. तोवर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा, हेच मला योग्य वाटतं.

मराठीत लिहायचा कसा?

‘मॅन्सप्लेनिंग’ असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. त्यात ‘न्’ आणि ‘स’ जोडले जाऊन ‘मॅन्स-प्लेनिंग’ असा उच्चार होतो आणि दुसरा भाग ‘प्लेन’ आहे असं वाटू लागतं. ‘मॅनस्प्लेनिंग’ लिहिलं की सांधा योग्य जागी राहतो. लिंग नपुंसक: ‘त्याचं मॅनस्प्लेनिंग चालूच होतं’. क्रियापद ‘करणे’ लावून होतं आणि ज्या बाईला समजावलं जातंय तिला ‘ला’ लागतो: ‘त्याने भर बैठकीत तिला मॅनस्प्लेन केलं’. करणाऱ्याला ‘मॅनस्प्लेनर’ म्हणतात. अनेकवचन तेच ठेवावं आणि बाकीचं काम क्रियापदावर सोडावं: ‘दोन मॅनस्प्लेनर समोरच बसले होते’.